कंपवातातील व्यवसायोपचार (चंद्रपूर–गडचिरोली)

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन, झालेल्या व्यक्तीला रोजची कामे होता होईल तो स्वतः करता यावीत, म्हणून कामाची पद्धत, साधने आणि घर यांत बदल करणारी उपचारशाखा. मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी घटल्याने हालचाली मंदावतात, अंग ताठरते, बहुतेकांचे हात कापतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. व्यवसायोपचाराने रोग बरा होत नाही.

कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची भारतातील पहिली शाळा काढली. विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. पण गडचिरोलीतल्या भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला उपचारासाठी नागपूरची फेरी म्हणजे मजुरी बुडणे आलेच. श्रमातून पुनर्वसन हा विचार मात्र या भागाला नवा नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये सुरू केलेले आनंदवन त्यावरच उभे राहिले, कुष्ठरोग्यांसाठी.

शहरी पुस्तकांतले गुंड्या लावण्याचे आणि काट्या-चमच्यांचे धडे इथे फारसे कामाचे नाहीत. इथला उपचार उंबरठ्यापासून सुरू होतो. दारात पाय जमिनीला चिकटल्यागत अडतात. घरचे हात धरून ओढतात आणि माणूस तोल जाऊन पडतो. ओढू नये. थांबावे, मोठ्याने ‘एक, दोन’ म्हणत पाऊल टाकू द्यावे. दाराच्या अलीकडे-पलीकडे चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या की त्या ओलांडताना बऱ्याच जणांचा पाय सुटतो; सारवण झाले की रेघा पुन्हा माराव्या लागतात, एवढेच. बाज झोळ पडलेली असेल तर रात्री कूस पालटत नाही, म्हणून दोरी ताणून घ्यावी. शौचालयात उठा-बसायला दोन्ही बाजूंना पक्का बांबू रोवावा; बांबूला इथे तोटा नाही. भातासाठी उंच काठाची थाळी बरी. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन बोलत चालणे बंद.

झाडावर चढणे आणि कुऱ्हाड सोडावी लागते. वाकून मोहफुले वेचणाऱ्याला झटकन उठताना घेरी येऊ शकते. तेंदूच्या पानांचे पुडे बांधणे बसून होते, कंपवाताच्या गोळीचा अंमल असेल त्या वेळी ते काम काढावे. माणसाला घरी नुसते बसवून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पुरावा संमिश्र आहे. नेदरलँड्समधील १९१ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) दहा आठवड्यांच्या घरगुती उपचारानंतर रुग्णांना आपली कामे सुधारल्याचे जाणवले. ब्रिटनमधील ७६२ रुग्णांच्या चाचणीत (२०१६) व्यवसायोपचार व भौतिकोपचार मिळून फारसा फायदा आढळला नाही. तिथे भेटी थोड्या होत्या आणि रुग्ण सौम्य ते मध्यम अवस्थेतले होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कंपवात येतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची तपासणी गोळीच्या अंमलात झाली तर अडचण कमी दिसते. म्हणून गोळीची वेळ आणि अंमल उतरल्यावर अडणारी कामे डॉक्टरांना सांगावीत.