आकारांचा पाट कोणासाठी बनला?

जून महिन्यात पनवेलमधल्या कोणत्याही बालवाडीत दिसू शकेल असे एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली आहे. ताई त्याला नाव विचारतात, तो त्यांच्याकडे बघत नाही. हाक मारली तरी वळत नाही. तो सरळ कपाटाकडे जातो आणि आकारांचा लाकडी पाट ओढून काढतो. गोल, त्रिकोण, चौकोन असा एकेक तुकडा आपापल्या खाचेत बसवायचा तो पाट. मुलगा सगळे तुकडे काढून जमिनीवर एका रांगेत लावत बसतो. दुसऱ्या मुलाने त्यातला एक उचलला, की किंचाळतो. आई हळू आवाजात सांगते, "डॉक्टर म्हणाले, ऑटिझम आहे. लवकर शिकवायला सुरुवात करा म्हणाले."

ताई अवघडतात. "पण आमच्याकडे सगळी साधी मुलं आहेत हो. याच्यासाठी वेगळी शाळा असते ना?"

ताई काही वाईट नाहीत. पुढ्यात तीस-पस्तीस मुले, हाताशी एक मदतनीस. असा प्रश्न कोणालाही पडेल. पण ज्या पाटाशी तो मुलगा खेळतो आहे, तो मुळात कोणासाठी बनला, हे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर थोडे बदलते.

त्यासाठी दोन शतके मागे जायला हवे. जानेवारी 1800 मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों भागात रानात एकटा राहणारा सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. तो बोलत नव्हता, माणसांकडे लक्ष देत नव्हता. पॅरिसमधले नामवंत वैद्य पिनेल यांनी त्याला तपासून निकाल दिला, की हा जन्मजात मंदबुद्धी आहे, याला शिकवून उपयोग नाही. मूकबधिरांच्या संस्थेतला तरुण डॉक्टर इतार याला हे पटले नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि जवळजवळ पाच वर्षे त्याला शिकवले. स्पर्श, नजर, कान अशा एकेका ज्ञानेंद्रियाला वळण द्यायचे, आकारांवरून अक्षरांकडे न्यायचे, ही त्याची पद्धत. व्हिक्टर काही शब्द वाचायला शिकला, पण बोलू लागला नाही. इतारने एकदा त्याला धाक बसावा म्हणून उंच खिडकीबाहेर धरले होते, हेही नोंदलेले आहे. अखेर इतार निराश झाला. व्हिक्टरला 1828 मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत सांभाळले ते घरकाम पाहणाऱ्या मादाम गेरँ यांनी. व्हिक्टर बहुधा स्वमग्न असावा, असे मत पुढे काही अभ्यासकांनी मांडले. दोनशे वर्षांनंतर ते सिद्ध करता येणार नाही. पण वर्णन वाचताना आपल्या बालवाडीच्या दारातला मुलगा आठवल्याशिवाय राहत नाही.

इतारचे काम त्याचा शिष्य सेगँ याने पुढे नेले. 'वेडे' म्हणून कोंडून ठेवलेल्या मुलांना त्याने शिकवले, साधने तयार केली, 1846 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे तो अमेरिकेला गेला. खाचेत आकार बसवायचा पाट त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे लहान मुलांच्या मानसिक चाचण्यांत तो आजही वापरतात. मानसतज्ज्ञांच्या टेबलावर आपण तो पाहिलाही असेल.

पन्नास वर्षांनी रोममध्ये मारिया मॉन्टेसरी नावाची तरुण डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळातली मुले पाहत होती. तिने इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ शोधले आणि इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरून काढले. त्यांच्या वाटेने शिकवलेली तिची मुले लिहायला-वाचायला शिकली आणि साध्या शाळांतल्या मुलांबरोबर परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला : माझी मुले जर धडधाकट मुलांची बरोबरी करत असतील, तर त्या धडधाकट मुलांना शाळा कसे शिकवत असेल? म्हणून 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी साध्या मुलांसाठी बालगृह उघडले आणि तीच पद्धत, तीच साधने सुधारून तिथे वापरली.

ही पद्धत भारतात रुजवली गिजुभाई बधेका यांनी. 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. 1923 मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने परवडेनात, तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे यांची साधने झाली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर गेली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

म्हणजे क्रम असा आहे : ज्या मुलांना 'शिकणार नाहीत' म्हणून बाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी ही पद्धत घडली, मग ती साध्या मुलांना मिळाली, आणि आपण आता तीच पद्धत पुढ्यात मांडून पहिल्या मुलाला दारातून परत पाठवतो आहोत.

आता स्वमग्नतेकडे वळू. 1943 मध्ये बाल्टिमोरचे बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वेगळे नाव मिळाले. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिपलेट. तीन वर्षांचा असताना त्याला एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी घरी आणले. पुढे काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. डोनाल्डला मोजमापाचे वेड होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते सांगायचे काम दिले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, म्हणून नांगरतानाच ओळी मोजायला सांगितले. त्याची सवय मोडली नाही, तिलाच कामाला जुंपले. डोनाल्ड गावच्या शाळेत गेला, पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली आणि 2023 मध्ये वयाच्या 89 व्या वर्षी वारला. 1971 मध्ये कॅनर यांनी अकराही मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत गेलेली मुले तिथेच खुरटलेली आढळली.

मधल्या काळात एक मोठी चूक झाली. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत कित्येक वर्षे मानले गेले आणि असंख्य मातांनी ते निमूटपणे सोसले. 1977 च्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला आणि ते मत मागे पडले. त्याच दशकात नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी आईवडिलांना दोषी न ठरवता सहशिक्षक केले. 1987 मध्ये लोवास यांनी लहान वयात आठवड्याला चाळीस तास शिकवल्यास 19 पैकी 9 मुले साध्या मुलांच्या बरोबरीला येतात असा दावा केला. या प्रयोगाने 'लवकर' या शब्दाला वजन आले. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि शिकवताना चापटही मारली जाई. इतारच्या खिडकीची इथे आठवण होते. आज अशी शिक्षा त्याज्य मानतात. लवकर सुरुवात केल्याने संवाद आणि रोजचे व्यवहार सुधारतात, पण किती, हे मुलागणिक बदलते. 'बरे करू' म्हणणाऱ्यापासून पालकांना सावध करणे हेही शिक्षकाचेच काम.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तिला जागा मिळाली. पण त्या कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयासाठी आहे, शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासून लागू होतो. जी वर्षे सर्वांत मोलाची म्हणून डॉक्टर सांगतात, नेमकी तीच या हमीच्या बाहेर राहतात. तिथे निर्णय बऱ्याच अंशी दारात उभ्या असलेल्या ताईंच्या हातात असतो.

त्या ताईंनी एकटीने सारे पेलावे असे नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पनवेल तालुक्यातच, खारघरला, बौद्धिक अक्षमतेसाठी असलेल्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. विशेष वर्गात मूल बोट दाखवून मागणे, चित्रांवरून दिवसाचा क्रम ओळखणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे शिकते. पण पाळी कोणासाठी थांबायची? त्यासाठी दुसरी मुले लागतात, आणि ती बालवाडीत आहेत. म्हणून दोन्ही हवे : आठवड्यातले काही तास तिथे, रोजचे दोन तास इथे.

सुरुवात साधीच करता येईल. पहिल्या आठवड्यात अर्धाच तास, आईला सोबत बसू द्यावे. दिवसाचा क्रम चार चित्रांत काढून भिंतीवर लावावा. वाक्य लहान ठेवावे, उत्तरासाठी थांबावे. गोंगाट असह्य झाला तर बसायला एक कोपरा असावा. आणि तो आकारांची रांग लावत असेल, तर ती मोडू नये. शेजारी बसावे, एक तुकडा त्याच्या हातात द्यावा, पुढचा त्याने आपल्याकडे मागेपर्यंत वाट पाहावी. त्याच्या शिकण्याची सुरुवात तिथून होऊ शकते. तो पाट अशाच मुलांना शिकवताना घडला होता.