फिरत्या चाकातले पाणी

कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी गावांकडे नेणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. १९१० साली औंध संस्थानात वसलेल्या किर्लोस्करवाडीचे नाव तर पंपांशी कायमचे जोडले गेले. पण पंपाच्या बिडाच्या कवचाआड पाणी नेमके कसे वाहते?

१८८३ साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असता धार सरळ राहिली, वाढताच विस्कटली. नळी स्थिर होती, म्हणून हे साधले. वेगाने फिरणारी पाती मात्र डोळ्यांना वेगळी दिसतच नाहीत. १८९५ मध्ये इंग्लंडात चार्ल्स पार्सन्स यांनी जहाजाच्या पंख्याची छोटी प्रतिकृती पाण्यात फिरवली आणि फेऱ्यांच्या तालात तिच्यावर प्रकाश टाकला. पंखा जणू थांबला व पात्यांवरचे बुडबुडे दिसले! दाब फार उतरला की पाण्याची वाफ होऊन असे बुडबुडे बनतात आणि मिटताना धातू कुरतडतात. पंपांनाही हाच रोग जडतो.

पुढे संगणक आले. जागेचे बारीक कप्पे पाडून प्रत्येकातील वेग व दाब काढण्याची ‘सिंपल’ ही पद्धत १९७२ साली सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी मांडली. पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी.

उत्तर मिळते ते लाखो आकड्यांचे; त्यांचे चित्र काढावे लागते. पण ते कोठून पाहिलेले? जमिनीवरून पाहिले तर पाणी चाकाबरोबर गरगरताना दिसते. चाकावर बसून पाहिले तर तेच पाणी पात्यांमधून बाहेर सरकते. ते पात्याला धरून जाते की मध्येच सुटते, हे या दुसऱ्या चित्रातच स्पष्ट होते. सापेक्ष वेगाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

याचे मोल किती? सेकंदाला १ घनमीटर पाणी १०० मीटर चढवण्यास किमान ९८१ किलोवॅट शक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर १,२२६ आणि ८५ टक्के असेल तर १,१५४. हा ७२ किलोवॅटचा फरक शेवटी वीजबिलात उतरतो.

मात्र रंगीत चित्र म्हणजे गणिताचे उत्तर, प्रत्यक्ष पाणी नव्हे. पंप चाचणीच्या हौदावर चालवून, दाब व प्रवाह मोजूनच त्या चित्राची परीक्षा होते. रेनॉल्ड्स यांच्या रंगाच्या धारेची गरज अजून संपलेली नाही.