डिंडोलीतला रिकामा वेळ

सुरत म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ते १६६४ साल. शिवाजी महाराजांची सुरतेवरची स्वारी शाळेत शिकला नाही असा वाचक मिळणे कठीण. आम्हा गोंयकारांचा सुरतेशी संबंध तर त्याच्याही आधीचा आणि फारसा अभिमान बाळगावा असा नाही. १५३० साली अंतोनियो द सिल्वेरा या पोर्तुगीज कप्तानाने सुरत आणि तापीच्या पलीकडचे रांदेर जाळले होते. टिळकांविषयी वाचणाऱ्यांना १९०७ च्या डिसेंबरातली सुरत काँग्रेस आणि तिथे भिरकावला गेलेला तो जोडा आठवेल. म्हणजे सुरत इतिहासात येते ती लूट, जाळपोळ आणि भांडण बरोबर घेऊनच!

मला आज सुरतेच्या एका वेगळ्याच इतिहासाविषयी लिहायचे आहे. त्यात तलवार नाही, तह नाही. तो आहे रिकाम्या वेळेचा इतिहास. माणसे इंटरनेटवर वेळ कसा घालवतात यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुधा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरातल्या मुलांकडे बघून लिहिलेले असते. ज्यांच्याकडे मुळात वेळच नव्हता, त्यांच्या हातात इंटरनेट आले तेव्हा काय झाले, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यासाठी डिंडोलीला जावे लागेल. सुरतेच्या दक्षिण-पूर्वेला, उधन्याच्या पुढे हा भाग येतो. सुरत महानगरपालिकेची हद्द २००६ साली मोठ्या प्रमाणात वाढली, भोवतालची अनेक गावे शहरात आली, त्यांतलेच हे एक. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात फिरताना आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होते. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, पण पाटीखालचे बोलणे मराठीत. त्यातही ते पुण्या-मुंबईचे मराठी नव्हे. ते आहे खान्देशचे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या लोकांची ही वस्ती आहे. या भागाचा समावेश असलेल्या नवसारी मतदारसंघातून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच.

ही माणसे आली ती आगगाडीने. तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि सुरत थेट अमळनेर-जळगावशी जोडली गेली. याच मार्गावर नवापूर स्थानक लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत! १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा रेषा आखली गेली, पण गाडी काही थांबली नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली माणसे कापड विणणाऱ्या शहरात येतच राहिली.

आता या माणसांचा वेळ बघा. सुरतेच्या यंत्रमाग कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, दिवसपाळी आणि रातपाळी. मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मीटरवर. म्हणजे यंत्र थांबले की कमाई थांबली. त्यात यंत्रमागाचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. बारा तास असा माणूस मुका होऊन राबतो, बाकीच्या बारा तासांत झोप, जेवण, आंघोळ, पाण्याची रांग आणि जाणे-येणे. उरतो किती? तासभर, फार तर दोन.

हा तासभर पूर्वी कसा जात असे? चहाची टपरी, पत्ते, एखादा सिनेमा, गावाकडे पत्र. पुढे एसटीडी बूथ आले. तिथे काचेमागे लाल आकडे पळत असत आणि माणूस आकड्यांकडे बघत बघत आईशी बोलत असे. रात्री उशिरा दर कमी, म्हणून रात्री रांग. आमच्या गोव्यात आखातातल्या माणसाच्या फोनची वाट बघत शेजाऱ्यांच्या दारात बसलेल्या बायका ज्यांना आठवत असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग पसरला आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. त्या दिवसांत माणूस सुखरूप आहे हे घरच्यांना कळत असे ते बहुधा तो दारात येऊन उभा राहिल्यावरच.

त्यानंतर वर्षभरातच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. सामान्य हा शब्द जपून वापरायचा, कारण व्यक्तीला २५० तासांसाठी सुमारे ५,००० रुपये मोजावे लागत. लक्षात घ्या, इंटरनेट तेव्हा तासांनी विकले जात होते! आणि तास विकत घेणारे कोण? आपल्यासारखी खुर्चीवर बसून काम करणारी, नाहीतर परदेशी गेलेली माणसे. जगभर पांगलेल्या गोंयकारांसाठी गोवानेट १९९४ सालीच सुरू झाले होते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची मायबोली १९९६ ची. मराठी विकिपीडिया २००३ चा. या सगळ्यांत घराची आठवण, वादावादी, पाककृती, कविता आणि भरपूर रिकामा वेळ होता. मीही त्यातलाच. सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये देऊन काय काय वाचले याचा हिशेब आज लागणार नाही. पण त्या गर्दीत परदेशी गेलेल्या मराठी माणसाला जागा होती, सुरतेला गेलेल्या मराठी माणसाला नव्हती. दोघेही घर सोडून गेलेले. एकाला आपण अनिवासी म्हणतो, दुसऱ्याला मजूर.

मध्ये एक छोटा टप्पा येऊन गेला, त्याची नोंद कुठेच होत नाही. तो म्हणजे मेमरी कार्डचा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दहा-वीस रुपये दिले की दुकानदार संगणकावरून कार्डात गाणी, चित्रपट, कीर्तने, विनोदी तुकडे भरून देत असे. हातात इंटरनेट नसलेल्यांचे हे इंटरनेट! या मार्गानेच व्हीसीडीवरची अहिराणी गाणी फोनमध्ये शिरली. खान्देशच्या दाराशी असलेल्या मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी घरच्या घरी चित्रपट काढले होते, ते याच व्हीसीडीच्या काळात. मुंबईच्या सिनेमाला आपल्या बोलीत उत्तर देण्याची खोड या मुलखाला आधीपासूनच आहे.

मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. पुढच्या ३१ मार्चपर्यंत डेटा जवळजवळ फुकट होता. ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ साली एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडत होता, तो २०१८ साली १२ रुपयांच्या आत आला. रेल्वेने माणसांचे जे केले, तेच या दराने त्यांच्या रिकाम्या तासाचे केले. तो तास एकदम रुंद झाला.

त्या तासात लोक काय करतात? कामानिमित्त दोन-तीनदा त्या बाजूला जाणे झाले तेव्हा मी मुद्दाम बघत होतो. पहिली गोष्ट, घरी व्हिडिओ कॉल. फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवायचा आणि जेवत जेवत बोलायचे. बोलायला काही नसले तरी फोन चालूच. दुसरी गोष्ट, अहिराणी गाणी. सचिन कुमावत यांचे ‘केसावर फुगे’ किंवा त्यानंतरचे ‘हाई झुमकावाली पोर’ यांसारख्या गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. शाळेत जी बोली गावंढळ म्हणून हसण्यावारी नेली गेली, तिच्यावर न कळताही सारा महाराष्ट्र नाचला. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते हे तिचे मोठेपण. पण अहिराणीची शाळा गुजरातेतही नाही आणि महाराष्ट्रातही नाही. तिची शाळा कुठे असेल तर ती या फोनमध्ये. कोकणी ही बोली की भाषा यावर निम्मे आयुष्य भांडण्यात घालवलेल्या आपल्या पिढीने यावर जरा थांबून विचार करावा.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. त्याच फोनमध्ये पैसे लावून खेळायची रमी होती आणि महिन्याचा पगार एका रात्रीत गेल्याच्या कहाण्या होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली ती उगीच नव्हे. झोप तर गेलीच. बारा तास राबलेल्या शरीराने रात्री दोनपर्यंत रील सरकवत बसणे आणि सकाळी यंत्रासमोर उभे राहणे, यात बोटे जायची भीती असते.

आपल्या भाषेत वेळ घालवतात, वेळ काढतात आणि वेळ मारूनही नेतात. यातला कुठलाच शब्द चांगला नाही! पण बारा तास ज्याचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला आहे, तो उरलेल्या तासात स्वतःच्या मर्जीने काहीतरी बघतो, हसतो, गाण्यावर ओठ हलवून आपलेच चित्र काढतो, तेव्हा त्याने वेळ घालवला असे म्हणावे, की परत मिळवला असे? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

आता मुख्य मुद्दा. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते असे तेव्हा सांगितले जाई. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती, त्या वादात मी शिरत नाही. पण त्या दोन-तीन वर्षांत कामगार वस्त्यांनी स्वतःची जी चित्रे काढली होती, ती त्यांच्याच डोळ्यांआड गेली. यंत्रमागाशेजारी केलेला नाच, गच्चीवरची नक्कल, टाळेबंदीत अडकलेल्याने गावाकडे पाहून म्हटलेले गाणे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले तेव्हा आपण पांढरपेशांनी हळहळून लेख लिहिले होते. टिकटॉकवर तसा लेख कोण लिहिणार? ज्यांचे गेले, ते लेख लिहीत नाहीत.

खान्देशात हे पूर्वीही होता होता राहिले आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या आपल्या लेवा बोलीत रचत गेल्या आणि ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून ठेवले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक निघाले १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. घरात एक लिहिणारा निघाला नसता तर मराठीला बहिणाबाई मिळाल्याच नसत्या. तेव्हा त्यांचे गाणेही कुणाला वेळ घालवणेच वाटले असेल.

आणि आपल्या गोव्याचे काय? सोळाव्या शतकात देवळे पडली, पोथ्या गेल्या. त्या काळच्या रामायण-महाभारतातल्या कथांचे काही मराठी-कोकणी पाठ आज वाचायला मिळतात ते पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात, तेही रोमन लिपीत. आपले होते, पण राखले दुसऱ्याने, त्याच्या कारणासाठी, त्याच्या घरात. डिंडोलीच्या तरुणाचे गाणेही आज असेच परक्या कंपनीच्या कपाटात आहे. कपाट कधी बंद होईल ते मालकच ठरवणार.

म्हणून वाचकांना एक विनंती. जत्रेतल्या नाटकाचा एखादा प्रवेश, आजीने म्हटलेली ओवी, धालोतला एखादा तुकडा तुमच्याही फोनमध्ये पडून असेल. तो फोनबाहेर काढा. गाव, साल, म्हणणाऱ्याचे नाव लिहा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. सुरतेकडचे कुणी ओळखीचे असेल तर त्यालाही हेच सांगा. काम अर्ध्या तासाचे आहे. तेवढा रिकामा वेळ आपल्याकडे नक्कीच असतो.