अनामत: कारखान्याच्या गेटपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

निवडणुकीत फारच कमी मते पडली की उमेदवाराची अनामत जप्त होते. खोली भाड्याने घेताना आपण घरमालकाकडे अनामत ठेवतो. हा शब्द अरबीतल्या ‘अमानत’चे मराठी रूप आहे. बोलता बोलता अक्षरांची अदलाबदल झाली आणि अर्थ पैशापुरता उरला. मुळात अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली कोणतीही गोष्ट: पैसा, निरोप, गुपित, पद. तिचा गैरवापर म्हणजे खयानत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात संगणकावरच्या गोपनीय माहितीची जी प्रकरणे घडली, ती समजून घ्यायला ‘चोरी’पेक्षा हा जुना शब्द अधिक कामाचा आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने इथे आले. पुढे चाकणही या पट्ट्याला जोडले गेले. कारखान्यात विश्वासाची परीक्षा गेटवर होई. पाळी सुटली की झडती, माल बाहेर न्यायचा तर गेटपास. चोरी म्हणजे वस्तू जागेवरून हलणे, असा साधा हिशेब होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही चोरीचा गुन्हा जंगम मालमत्तेचा होता. पण त्याच कायद्याने चोर आणि विश्वासू नोकर यांत फरक केला होता. ताब्यात दिलेल्या मालमत्तेचा अपहार करणाऱ्या कारकुनाला किंवा नोकराला कलम ४०८ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे.

माहितीने हा हिशेब बिघडवला. फाईलची नक्कल केली तरी मूळ फाईल जागेवरच राहते. गेटवरच्या रखवालदाराला काहीच सापडत नाही आणि मालकालाही काही गेल्याचे कळत नाही.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यात याचा पहिला मोठा धडा मिळाला. एमफॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधून सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांना सेवा दिली जाई. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांवर आरोप झाला, की त्यांनी फोनवर बोलता बोलता ग्राहकांकडून पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. यात कोणतीही संगणक यंत्रणा फोडली गेली नव्हती. ग्राहकांनी विश्वासाने सांगितले, समोरच्याने लक्षात ठेवले. ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर शोध सुरू झाला आणि पुणे पोलिसांनी अटका केल्या.

त्यानंतर उद्योग खडबडून जागा झाला. २००६ मध्ये नॅसकॉमने ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू केली. तिच्यात कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे, शिक्षण आणि नोकरीचा पूर्वेतिहास नोंदवला जाऊ लागला. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ७२अ आले. करारानुसार सेवा देताना हाती आलेली एखाद्याची वैयक्तिक माहिती त्याचे नुकसान करण्याच्या किंवा स्वतःच्या फायद्याच्या हेतूने बाहेर देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. कायद्याने माहितीलाही अमानत मानण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल होते.

तरीही पहारेकऱ्यांवर पहारा कोणी ठेवायचा, हा प्रश्न उरला. जानेवारी २०२२ मध्ये ताथवडे येथून आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाचे अपहरण झाले. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जे आरोपी पकडले, त्यांत त्यांच्याच दलातला एक शिपाई होता. तो पूर्वी पुण्याच्या सायबर शाखेत नेमणुकीला होता आणि या माणसाकडे ३०० कोटींचे बिटकॉइन असल्याची माहिती त्याला तिथे असताना मिळाली, असे तपासात पुढे आले. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांना अटक केली. बिटकॉइन घोटाळ्याच्या २०१८ च्या तपासात मदतीला घेतलेल्या या दोघांनी तपासासाठी सोपवलेल्या माहितीचा वापर करून चलन परस्पर वळवले, असा त्यांच्यावर आरोप होता.

तिन्ही प्रकरणांत कुलूप फुटले नाही. किल्ली दिलेलीच होती. ताथवड्याचे प्रकरण तर आणखी एक गोष्ट शिकवते. बदली झाली की पासवर्ड बंद करता येतो, पण डोक्यातली माहिती परत घेता येत नाही. नोकरी संपते, अमानत संपत नाही.

सीरतच्या ग्रंथांत इ.स. ६२२ च्या हिजरतीचा प्रसंग येतो. प्रेषितांकडे मक्केतल्या लोकांच्या ठेवी होत्या. त्यांत विरोधकांच्याही होत्या. जिवावर बेतलेले असताना त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले. ज्यांनी शहर सोडायला भाग पाडले त्यांचीही ठेव बुडवायची नाही, हा त्यातला मुद्दा. आज कंपनीने अन्याय केला म्हणून जाता जाता ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेणाऱ्या तरुणाला तो थेट लागू पडतो.

पण अमानत एकतर्फी नसते. मूठभरांच्या खयानतीमुळे हजारो प्रामाणिक मुलामुलींचे ठसे आणि पूर्वेतिहास नोंदले गेले. त्यांचे आधार क्रमांक, पगार, आजारपणाच्या विम्याचे कागद कंपन्यांकडे असतात. ती माहिती कोण पाहतो, का पाहतो, याची नोंद ठेवणे आणि कामापुरतीच किल्ली देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली आहे. झडती फक्त कामगाराची घेण्याचे दिवस संपायला हवेत. ज्याच्या हाती दुसऱ्याची अनामत आहे, त्या प्रत्येकाने हिशेब द्यायला हवा, मग तो पाळीवरचा मुलगा असो, पोलिस असो वा कंपनीचा मालक.