धसका

आमच्या नांदेड-लातूरकडील बोलीत मनाच्या दुखण्यांना शब्दांची वानवा नाही. कुणी वेडा, कुणी खुळा, कुणाला बाहेरची बाधा, कुणाच्या अंगात आलेले. आणि ज्याने काही भयंकर पाहिले, त्याने 'धसका' घेतलेला. शिकलेली माणसे या शब्दांना हसतात. मला मात्र हेही एक वर्गीकरणच वाटते. वेडाचे कारण कुणास ठाऊक नसते. धसक्याचे साऱ्या गावाला ठाऊक असते.

ग्रंथांतले वर्गीकरणही आपल्याकडे जुनेच आहे. चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार मानले: वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा आणि पाचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला. भयाने किंवा अतिहर्षानेही मनावर आघात होतो, हे त्या वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढच्या राज्यकर्त्यांनी एवढा बारकावा ठेवला नाही. त्यांच्या लेखी माणसे दोनच जातींची, शहाणी आणि वेडी. इंग्रजांचा १९१२ चा कायदा वेड्याला आत कसे ठेवावे याचीच चिंता वाही. तो रद्द करणारा नवा कायदा १९८७ साली संमत झाला. अंमलात आला मात्र १९९३ च्या एप्रिलात. त्यानंतर सहाच महिन्यांत किल्लारी घडले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतली, दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे निजलेल्यांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले, त्यानेच गाडले. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यात, किल्लारीस धक्के बसलेच होते. लोक बाहेर निजले होते आणि धक्के थांबल्यावर पुन्हा घरात गेले होते!

उरलेल्यांचे काय झाले? माती उपसणारे हात पुष्कळ आले. पण छपराखाली जायला भिणाऱ्याला, रात्री दचकून उठणाऱ्याला आजारी म्हणावे की नाही, हा प्रश्न नवा होता. अमेरिकेतल्या मनोवैद्यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दैना पाहून १९८० साली आपल्या यादीत एक नवे नाव घातले होते. मराठीत त्याला 'आघातोत्तर तणाव विकृती' म्हणतात. (नाव उच्चारतानाच थोडा तणाव येतो, हे खरे!) झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, सदा सावध राहणे, आणि हे सारे महिन्याहून अधिक चालणे, ही त्याची लक्षणे.

ही महिन्याची अट मला फार मोलाची वाटते. पहिल्या आठवड्यात भिणारा रोगी नव्हे, माणूस आहे. किल्लारीत तर दगडी छप्पर टाळणे हे शहाणपणच होते. औषधपाण्याची गरज कुणाला, हे काळ लोटल्यावरच निवडता येते. प्रताप शरण, शेखर सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपातून वाचलेल्या ४२ जणांची तपासणी केली. १९९६ साली ती अमेरिकेच्या मनोवैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाली. त्यांत शेकडा ५९ जणांना काही ना काही मनोविकार आढळला. हा धसका आणि खोल उदासी, हे त्यांतले मुख्य. अवघ्या ४२ जणांवरून साऱ्या मुलखाचा हिशेब मांडू नये. तरी ज्याला आपण 'होईल हळूहळू बरे' म्हणून सोडून देतो, त्याची मोजणी तिथे झाली.

आमच्याकडची बाई मन दुखते असे सांगत नाही. छातीत धडधडते, हातपाय गळतात, अन्न जात नाही, एवढेच सांगते. डॉक्टरने छाती तपासून तिला घरी पाठवले, तर यादीतले नाव यादीतच राहते.

त्या साली दिवाळी भूकंपानंतर दीड महिन्यावर आली होती. घरातले माणूस गेले की आपण वर्षभर सण करीत नाही. वर्षश्राद्धापर्यंत शोकाला मुभा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकालाही विकारांत जागा मिळाली आहे. तिथली मुदत सहा महिन्यांची. परंतु त्या समाजाच्या रीतीला धरून असलेला शोक विकार मानू नये, असे तिथेच लिहून ठेवले आहे.