विरुद्ध इच्छेचा सिद्धांत : कलकत्त्यातील एक मतभेद आणि तौलनिक अभ्यास

विसाव्या शतकातील भारतीय साहित्यांवर फ्रॉइडचा प्रभाव हा तौलनिक अभ्यासकांच्या परिचयाचा विषय आहे. त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते : व्हिएन्नात एक सिद्धांत जन्मतो, इंग्रजी भाषांतरांतून तो भारतात पोहोचतो आणि पुढे येथील लेखक-समीक्षक त्याचा उपयोग करू लागतात. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या संज्ञाप्रवाही कादंबरीकडेही आपण याच क्रमाने वळतो. या मांडणीत एक महत्त्वाचा दुवा गळतो. अबोध मनाची संकल्पना भारतात आली त्याच सुमारास तिच्याविषयीचा एक साधार मतभेदही येथे उभा राहिला होता. प्रस्तुत निबंधाचा विषय तो मतभेद आहे.

गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) हे कलकत्त्यातील वैद्यकीय व्यावसायिक. १९१० मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते संमोहनाच्या साहाय्याने मनोरुग्णांवर उपचार करू लागले. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली आणि १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधाबद्दल त्याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. हा प्रबंध त्यांनी फ्रॉइडला पाठवला आणि दीर्घकाळ चाललेल्या पत्रव्यवहाराला सुरुवात झाली. १९२२ मध्ये पारसीबागान गल्लीतील त्यांच्या घरी पंधरा संस्थापक सदस्यांसह भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. बोस आणि फ्रॉइड यांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

बोस यांच्या विचाराचे मध्यवर्ती सूत्र ‘विरुद्ध इच्छा’ हे होय. त्यांच्या मते मनात कोणतीही इच्छा एकटी उद्भवत नाही. मारण्याच्या इच्छेसोबत मार खाण्याची इच्छाही जन्मते. एक जाणिवेत येते, दुसरी तिच्यामुळे दबून राहते. म्हणजे दमनाचे कारण केवळ बाहेरच्या निषेधात किंवा भयात शोधून भागत नाही. ते इच्छेच्या घडणीतच आहे. उपचार करताना रुग्णाला कल्पनेने आळीपाळीने दोन्ही भूमिकांत उभे करावे, म्हणजे दबलेली बाजू वर येते, अशी त्यांची पद्धती होती. विचार, भावना आणि वर्तन यांना अबोध मन आकार देते हे फ्रॉइडचे प्रतिपादन त्यांना मान्यच होते. प्रश्न होता तो हा आकार कोणत्या यंत्रणेने मिळतो याचा.

इडिपस गंडाच्या विवेचनात हा मतभेद उघड झाला. फ्रॉइडच्या मते शिश्नच्छेदाच्या भयाने मुलगा पित्याच्या अधिकारापुढे नमतो आणि तो अधिकारच त्याच्या मनातील नियामक शक्ती बनतो. १९२९ मध्ये बोस यांनी आपले लेख फ्रॉइडकडे पाठवले आणि पत्रात आपले भिन्न निरीक्षण नोंदवले : युरोपीय रुग्णांच्या तुलनेत भारतीय पुरुष रुग्णांत हे भय तितके ठळक दिसत नाही, उलट स्त्री होण्याची इच्छा त्यांच्यात अधिक सहज सापडते. गंडाचे निरसन अधिकारापुढे नमण्याने होत नाही, त्या अधिकारावर मात करण्याने होते, हेही त्यांनी मांडले. फ्रॉइडने या भेदाची आदरपूर्वक दखल घेतली. परंतु शिश्नच्छेदभयाचे बळ बोस कमी लेखतात, हे आपले मत सोडले नाही. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली. आभाराच्या पत्रात त्याने तिच्याकडे मनोविश्लेषणाने परदेशांत मिळवलेल्या विजयांची स्मृती म्हणून पाहिले. असहमती नोंदवणाऱ्यांची भेट अशा रीतीने दिग्विजयाच्या हिशेबात जमा झाली.

या मतभेदाला वासाहतिक संदर्भ आहे. त्याच संस्थेतील ओवेन बर्कली-हिल आणि क्लॉड डेली हे ब्रिटिश सदस्य याच संकल्पना हिंदूंच्या धर्माला व स्वभावाला विकृतीची लेबले लावण्यासाठी वापरीत होते. बर्कली-हिल यांचा अशा आशयाचा लेख १९२१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. एकाच काळात, एकाच शहराशी निगडित वर्तुळात, अबोध मनाचा सिद्धांत शासितांना रुग्ण ठरवणारा आणि शासितांनी तपासून पाहिलेला, अशा दोन्ही रूपांत वावरत होता. आशिस नंदी आणि क्रिस्टियाने हार्टनॅक यांच्या अभ्यासांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे. तथापि बोस यांचे निष्कर्षही जपूनच स्वीकारावे लागतात. त्यांचे रुग्ण प्रामुख्याने कलकत्त्यातील सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. त्यावरून ‘भारतीय मन’ नावाची एकसंध वस्तू सिद्ध होत नाही.

साहित्याभ्यासकाला आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती भाषेची. बोस यांनी बंगालीतही विपुल लेखन केले. त्यांचे ‘स्वप्न’ हे पुस्तक १९२८ मधील आहे. बंगालीत या संकल्पनेसाठी ‘निर्ज्ञान’ हा शब्द रुळला, हिंदीत ‘अचेतन’, तर मराठीत ‘अबोध’ आणि ‘नेणीव’. हे शब्द समानार्थी मानले जातात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘अचेतन’ म्हणताना जडत्वाची छटा येते; ‘निर्ज्ञान’ ज्ञानाचा अभाव सुचवते. ‘नेणीव’ ही जाणिवेची जोडीदारीण. संतसाहित्यात ती अज्ञानाचा निर्देश करते, तशीच जाणण्याचा अहंकार गळून पडल्यावरच्या अवस्थेचाही. मनोविश्लेषणातील दबलेली, धुमसणारी इच्छा या शब्दात आधीपासून नव्हती. ती आधुनिक समीक्षेने त्यात भरली, आणि जुना अर्थ पुरता पुसला गेला नाही. म्हणून एखाद्या मराठी पात्राच्या ‘नेणिवे’विषयी आपण लिहितो तेव्हा दोन परंपरा एकाच शब्दातून बोलत असतात.

‘प्रभाव’ ही संज्ञा या इतिहासाला अपुरी पडते. कलकत्त्यात घडले ते ग्रहण होते आणि उत्तरही होते. ते उत्तर मूळ सिद्धांताच्या परिभाषेत, रुग्णांच्या निरीक्षणांच्या आधारे दिले गेले. भारतीय भाषांतील समीक्षेने पुढे फ्रॉइडची सूत्रे सिद्ध मापे म्हणून हाती घेतली, तेव्हा हे उत्तर तिच्या नजरेआड राहिले. पिता-पुत्र संघर्षाची कथा वाचताना मुलाचे नमणे आपण गृहीत धरतो, पुरुषाच्या मनातील स्त्रीत्वाची ओढ दिसली की तिला विकृती म्हणून मोकळे होतो. बोस यांचा सिद्धांत मान्य करण्याची गरज नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न ध्यानात ठेवला, तर ही दोन्ही वाचने आपल्याला पुन्हा तपासावी लागतील.