टेड (कासवमोचक चौकट)

टेड : कोळंबीसाठी समुद्रतळालगत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात कासव शिरले असता त्यास जिवंत बाहेर पडता यावे, मात्र कोळंबी आत राहावी, या हेतूने जाळ्याच्या निमुळत्या गळ्याशी तिरकी बसविलेली धातूच्या गजांची चौकट. ओघाबरोबर आलेली कोळंबी गजांमधील फटींतून मागच्या थैलीत उतरते. कासव गजांवर अडते, त्यांच्या उताराने सरकत जाते आणि टोकाशी ठेवलेल्या छेदावरचे जाळ्याचेच झाकण अंगाने लोटून मोकळ्या पाण्यात येते. कासव सुटले की पाण्याच्या दाबाने झाकण पुन्हा मिटते.

या युक्तीचा उगम प्रयोगशाळेत झाला नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सिंकी बून नामक मच्छीमाराने, जेलीफिशच्या लगद्याने जाळे भरून जाते या त्राग्यापोटी, १९६० च्या दशकात अशी चौकट तयार केली. तिचा कासवांना होणारा उपयोग शासकीय संशोधकांनी पुढे हेरला.

तिला भक्कम शास्त्रीय आधार मिळाला तो मात्र परिस्थितिविज्ञानातील एका हिशेबामुळे. कासवांचे रक्षण म्हणजे किनाऱ्यावरील अंड्यांचे रक्षण, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती, आणि ती स्वाभाविकही होती. कारण अंडी दिसतात, मोजता येतात, कुंपण घालून राखता येतात. १९८७ मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर व हॅल कॅसवेल यांनी लॉगरहेड कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावरील जगण्यामरण्याचे गणित मांडले, तेव्हा अंडी कितीही राखली तरी केवळ तेवढ्याने घट थांबत नाही, परंतु अंगाने वाढलेल्या पण अद्याप प्रजननक्षम न झालेल्या कासवांचे मरण कमी केल्यास संख्या सावरते, असे निष्पन्न झाले. ही कासवे मरत होती ती ट्रॉलच्या जाळ्यांत. फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्या या प्राण्यास जाळ्याबरोबर फरफटत जाताना वर येता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९० च्या अहवालानुसार जाळे साठ मिनिटांहून कमी वेळ ओढल्यास मृत्यू जवळजवळ होत नाहीत. दोनशे मिनिटांपुढे मात्र सापडलेल्यांपैकी सुमारे निम्मी दगावतात.

टेडसारखी उपाययोजना न करणाऱ्या देशांतील, समुद्रात धरलेल्या कोळंबीच्या आयातीस मज्जाव करणारा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या अपील-निवाड्यात कायद्याचा हेतू रास्त, परंतु अंमल पक्षपाती ठरला.

टेड वापरण्यास भारतीय मच्छीमाराची असलेली हरकत निव्वळ हट्टाची नव्हे. आपल्याकडील ट्रॉलरवाला कोळंबीबरोबर म्हाकूळ, वाकटी, राणीमासा असे जे जे येईल ते विकून डिझेल व खलाशांचा खर्च भागवितो. त्यातील अंगाने मोठी मासळी गजांवर अडून कासवाच्याच वाटेने निघून गेली, तर तोटा त्याच्या गाठीचा. ही अडचण जाणून कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने अमेरिकेत मान्य असलेल्या चार इंचांच्या (सुमारे १०२ मिमी) फटीऐवजी १४२ मिमी फटीची चौकट बेतली, आणि चाचण्यांत कोळंबीची घट एक टक्क्याच्या आत, इतर मासळीची तीन टक्क्यांच्या आसपास भरली. संशोधनाने मासळीचा तराजूही कासवाइतक्याच सचोटीने धरावा, याचा हा उत्तम दाखला होय. तथापि प्रत्यक्ष वापर तोकडाच राहिला, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्री कोळंबीची आयात बंद केली.

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. वेळास येथे २००२ पासून स्थानिक ग्रामस्थांच्या साहाय्याने चाललेले घरट्यांचे संरक्षण सुपरिचित आहे. समुद्रातील बाजूसाठी महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये, संरक्षित प्राणी सोडविताना जाळे कापावे लागल्यास छायाचित्राच्या पुराव्यावर रु. २५,००० पर्यंत नुकसानभरपाई देण्याची तजवीज केली. ही तजवीज स्वागतार्ह असली तरी ती टेडची जागा घेऊ शकत नाही. जाळे कापण्याची वेळ येते ती ते वर ओढून घेतल्यानंतर, आणि तोवर कासवाचा श्वास टिकलेला असावा लागतो.